शेजारच्या गाळ्यावरची पाटी

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार,
लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात आमचं परकर, गाउन आणि बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान आहे. पानशेतच्या पुरानंतर वर्षभराने, १९६२ साली, सासऱ्यांनी सुरू केलं. मिस्टर गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते. शेजारच्या गाळ्यात घड्याळ दुरुस्त करणारे काका होते. ते वारले, मुलाने गाळा भाड्याने दिला आणि आता तिथे 'तसल्या' वस्तूंचं दुकान येतंय. फक्त मोठ्यांसाठीचं. तुम्हाला कळलं असेल. चालवणारी मुलगी तिशीची आहे. महिन्यापूर्वी स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या घेऊन आली, "काकू, आपण शेजारी होणार" म्हणाली. मी डबा घेतला, पण धड बोलले नाही. तिच्या गाळ्यात डोकावून पाहिलं तर औषधाच्या दुकानासारखी पांढरी कपाटं आहेत, बाकी काही दिसलं नाही.
व्यापारी संघटनेने निवेदन तयार केलंय, की ऐतिहासिक पेठेची संस्कृती बिघडते, दुकानाला परवानगी देऊ नये. ३२ सह्या झाल्या. भिंत सामाईक, म्हणून माझी सही सगळ्यांना हवी आहे. मंडळाची मुलं म्हणतात, "पाटी लागू दे, मग बघतो." मुलगा म्हणतो, सही करून मोकळी हो, आपल्याला इथेच धंदा करायचाय. सून म्हणते, सही करणं म्हणजे मागासलेपणा. माझं गिऱ्हाईक लेकींना घेऊन येणाऱ्या बायकांचं. शंभर पावलांवर मुलींची शाळा आहे. गुरुवारी मीटिंग आहे. सही करू की नको?
– एक पेठकरीण

ताई,

या निवेदनावर करू नका. दुसऱ्या एका कागदावर करा. तो कागद अजून लिहिलेला नाही, खाली आपण दोघी मिळून लिहू.

तुम्ही 'तसल्या' लिहिलंत आणि मला लगेच कळलं. आपल्या पिढीने अर्ध्या संसाराचा कारभार 'तसलं', 'ते' आणि 'अडचण' एवढ्या तीन शब्दांवर चालवला आहे. मी लग्नाआधी औषधाच्या दुकानात पॅड मागायला जायचे, तेव्हा आधी क्रोसिन मागायचे, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि दुकान रिकामं झालं की मग ते. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, वर काळ्या पिशवीत घालून द्यायचा. ती काळी पिशवी बघूनच अख्ख्या आळीला कळायचं की आत काय आहे.

तुमच्या दुकानाकडे बघा ना. १९६२ साली तुमच्या सासऱ्यांनी आतले कपडे कुठे ठेवले असतील? खालच्या खणात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. गिऱ्हाईक आधी परकराचा भाव करणार, मग तुमच्या सासूबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात माप सांगणार. आज तुळशीबागेत तेच कपडे हँगरला डोक्याच्या उंचीवर लटकतात. त्यांच्याखालून आजोबा नातवाचा हात धरून रामाच्या दर्शनाला जातात आणि कोणाचंही देवदर्शन बाटत नाही. हा बदल कोणी निवेदन देऊन आणला नाही, तो होत गेला. तुमच्या दुकानाने त्याला हातभार लावला, असं मी म्हणेन. तुम्हाला ते आवडेल का माहीत नाही.

आता निवेदनातले दोन शब्द, 'ऐतिहासिक पेठ'.

या पेठांचा इतिहास मला फार प्रिय आहे, पण तो निवेदनात दाखवलाय तितका धुतल्या तांदळाचा नाही. पेशवाईत याच शहरात बावनखणी, म्हणजे कलावंतिणींची वस्ती, होती. बुधवार पेठेतली वेश्यावस्ती आजही दगडूशेठ गणपतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक, इलेक्ट्रिकच्या सामानाची दुकानं आणि ती वस्ती हे सगळं एकमेकांना खेटून नांदतं. तुमच्या संघटनेतल्या कितीजणांनी त्या बायकांच्या हालांबद्दल कधी निवेदन दिलं, हे विचारायचा मोह होतो. गुरुवारी मात्र विचारू नका, भांडण होईल. वारसा म्हणून महापालिका जे जपते ते वाडे, कमानी, मंदिरं, मंडई. गाळ्यावर चकचकीत प्लास्टिकचा बोर्ड ठोकून जुने लाकडी खांब झाकले, तर वारशाच्या नावाने जरूर ओरडा. पण तसं ओरडायचं तर त्या बोळातल्या निम्म्या दुकानांवर ओरडावं लागेल. आत कपाटात काय ठेवलंय, याचा वारशाशी संबंध लावता येत नाही.

'संस्कृती' या दुसऱ्या शब्दावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या या सदराचा तिथे जीव गुंतला आहे.

महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. त्याने १९२१ साली गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. साधनांची माहिती द्यायची, साधनं पुरवायची. गिरगाव म्हणजे तेव्हाची चाळी, देवळं आणि दुकानांची मराठी वस्ती, तुमच्या बोळाचीच मुंबईतली बहीण. त्या कामापायी नोकरी गेली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत, ते १९५३ साली गेले तोवर काढत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही २०० रुपये दंड झालाच. आणि तो खटला कशावरून होता? वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मासिकात दिलेल्या उत्तरांवरून. थोडक्यात, तुम्ही आज ज्या प्रकारच्या सदराला पत्र लिहिलंत, त्याच्या पणजोबांना कोर्टात उभं केलं होतं. त्यानंतर पस्तीसेक वर्षं गेली नाहीत तोच, १९६८ साली, सरकारनेच निरोध बाजारात आणला. पंधरा पैशांना तीन, किराणा दुकानात आणि पानाच्या ठेल्यावरसुद्धा. कर्व्यांच्या खिशातून गेलेले २०० रुपये मात्र कोणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून संस्कृती बुडते असं लिहिलेल्या कागदावर सही करताना मला भीती वाटते. आपली नातवंडं तो कागद कधीतरी वाचतील.

आता तुमची सून. तिचं मत मला पटतं, पण तिने वापरलेला शब्द पटत नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय हा मागासलेपणा नाही. साठ वर्षं ज्या भिंतीपलीकडे घड्याळांची टिकटिक होती, तिथे अचानक असं काही येणार म्हटल्यावर चलबिचल होणारच. सुनेला सांगा, की माझी अडचण खरी आहे. फक्त तिचं कारण निवेदनात लिहिलंय ते नाही.

मला वाटतं, तुमची खरी अडचण दुकानाच्या आत नाही, बाहेर आहे. उद्घाटनानंतर पहिले दोन महिने त्या दारासमोर टवाळ पोरं दुचाक्या लावून उभी राहणार, मोबाइलवर रील बनवणार, आत जाणाऱ्यावर शेरे मारणार. तुमच्याकडे लेकीला घेऊन पहिली ब्रा घ्यायला आलेली बाई ती गर्दी बघून मागे फिरणार. शाळा सुटायची वेळ आणि ही गर्दी एकत्र आली तर अजून वाईट. हे नुकसान दाखवता येतं, त्याच्यावर उपाय मागता येतो. संस्कृतीचं नुकसान कुठल्या कारकुनाने कुठल्या रकान्यात भरायचं?

इंग्लंडमध्ये अशा दुकानाला नगरपालिकेचा वेगळा परवाना लागतो, तो जास्तीत जास्त वर्षभराचा असतो. अर्ज आला की लोकांना हरकत घ्यायला २८ दिवस मिळतात. पण 'आम्हाला हे अनैतिक वाटतं' एवढ्या कारणावर हरकत मान्य होत नाही. तो भाग कसा आहे, आजूबाजूला काय आहे, शाळा-देवळं आहेत का, हे मात्र बघतात. बेलफास्टच्या ग्रेशम स्ट्रीटवरच्या अशाच एका दुकानाचं प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. उत्तर आयर्लंडमध्येही तशीच परवान्याची पद्धत आहे. त्या भागात अशी दुकानं शून्य असावीत असं नगरपालिकेने ठरवलं होतं आणि २००७ साली तिचा निर्णय टिकला. म्हणजे विरोध करणारे प्रत्येक वेळी वेडे ठरतात असं नाही. पण तिथे ठरवायला कायदा होता, अर्ज होता, मुदत होती.

आपल्याकडे असा खास कायदा नाही, ना बंदीचा, ना परवान्याचा. अश्लील वस्तू विकणं किंवा मांडणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. लहान मुलांना विकलं तर त्याला वेगळं, जास्त कडक कलम आहे. पण कुठली वस्तू अश्लील हे व्यापारी संघटनेला ठरवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर मार्च २०२४ मध्ये एक मासला आला होता. कस्टम्सने बाहेरून आलेले बॉडी मसाजर 'यांचा तसला वापर होऊ शकतो' म्हणून अडवून ठेवले. आधार काय, तर १९६४ सालची एक अधिसूचना. त्यातला भर अश्लील पुस्तकं, चित्रं असल्या मालावर. न्यायालयाने माल सोडायला लावला. हेच मसाजर देशी बाजारात खुलेआम विकले जातात, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. 'तसला' हा शब्द कस्टम्सच्या साहेबांनाही सोडवत नाही, हे वाचून मला मात्र फार बरं वाटलं.

आता म्हणाल, गोव्यात तर बंद पाडलं. हो. कळंगुटला २०२१ साली व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तावर असं दुकान मोठ्या गाजावाजाने उघडलं, देशातलं पहिलं कायदेशीर दुकान म्हणून बातम्या आल्या, आणि महिनाभरात ते बंद झालं. लोकांनी पंचायतीकडे तक्रारी केल्या. पण पंचायतीने बोट कशावर ठेवलं? धंद्याचा परवाना नाही, यावर. आणि उतरवायला लावली ती पाटी. ज्या गावच्या किनाऱ्यावर काय काय चालतं हे साऱ्या देशाला ठाऊक, तिथे पाटीवरच्या शब्दांनी लोक अस्वस्थ झाले. मला ते हास्यास्पद वाटत नाही. माणसाला गोष्टीपेक्षा तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं जास्त बोचतं, हे आपण बायका चांगलंच जाणतो.

तुमच्या बोळातही भांडण पाटीचंच होणार आहे, लिहून ठेवा. मंडळाची मुलं 'पाटी लागू दे' म्हणतायत, दुकान उघडू दे म्हणत नाहीत. आणि गंमत बघा. २०२२ पासून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजीत गुळगुळीत काहीतरी लिहून सटकायची सोय त्या मुलीला नाही. तिला मराठी शब्द शोधावाच लागेल. बिचारी रात्र रात्र जागत असेल. पुण्यात पाटी लिहायला माणूस मिळत नाही असं होऊ नये. मी तर 'लाजत असाल तरी दार ओढून घ्यावे, एसी चालू आहे' एवढंच लिहीन. पण ते राहू दे. सांगायचं हे, की पाटीवर काय असावं यात तुमचं ऐकलं जाऊ शकतं. दुकान असावं की नसावं यात नाही.

परवान्याचंही बघून घ्या. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना दिली की भागतं. ती तिने दिली असेल तर 'परवानगी देऊ नये' म्हणणारं निवेदन कोणाकडे द्यायचं, हा प्रश्नच आहे. पोलिस चौकीत द्याल तर ते घेतील, शिक्का मारतील, चहा पाजतील.

एक गोष्ट मात्र ठामपणे मागा, कारण ती मलाही हवी आहे. लैंगिक ताकद वाढवतो म्हणणाऱ्या चूर्णा-तेलांच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी सत्तर वर्षं आपण एसटी स्टँडच्या मुतारीपासून लोकलच्या डब्यापर्यंत त्याच वाचत आलो. त्यांच्याविरुद्ध ३२ सह्या गोळा झालेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या भिंतींवर भलतंसलतं लिहिलेलं चाललं, कारण ते पुरुषांसाठी होतं आणि कोणी बाई ते विकत नव्हती. माझी ही शंका तुम्हाला चुकीची वाटली तर कळवा. पण तिशीच्या मुलीने उजेडात, पांढरी कपाटं लावून दुकान टाकलं की पेठ आठवते, हे मला खटकतं.

तर आपला कागद. तो संघटनेच्या निवेदनाला जोडू नका. त्या मुलीच्या नावाने लिहा, एक प्रत संघटनेला द्या. साधारण असा:

'शेजारी म्हणून आमचं म्हणणं. १) काचेतून आतला माल रस्त्यावरून दिसू नये. २) अठरा वर्षांखालील कोणाला आत घेऊ नये, शंका आली तर ओळखपत्र बघावं, आणि तसं दारावर लिहावं. ३) पाटी साधी असावी, चित्र नको, लुकलुकणारे दिवे नकोत. ४) ताकदीची चूर्णं, तेलं ठेवू नयेत, त्यांच्या जाहिराती लावू नयेत. ५) शाळा भरताना आणि सुटताना दारात गर्दी होऊ देऊ नये. हे पाळलं तर आमची हरकत नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला हात अडखळेल. अडखळू दे, पण लिहा. ते नसेल तर वरच्या पाच ओळी धमकी वाटतील.

पाचवा मुद्दा ती एकटी पाळू शकणार नाही. तिथे मंडळाच्या मुलांना कामाला लावा. फोडाफोडी केली तर गुन्हा दाखल होईल आणि वर्गणीच्या वेळी कोर्टाच्या तारखा करत बसाल, हे त्यांना तुमच्यासारख्या काकूंनीच सांगितलं पाहिजे. मिरवणुकीत तासन्‌तास गर्दी सांभाळणाऱ्या पोरांना चार टवाळ हुसकावणं अवघड नाही. काम दिलं की पोरं निमूट करतात. नुसतं 'नको' म्हटलं की त्यांना दगड आठवतो.

मुलाची काळजी खोटी नाही. संघटनेच्या मर्जीबाहेर गेलं की पार्किंगपासून फटाक्यांच्या स्टॉलपर्यंत सगळं अडतं, हे मला माहीत आहे. म्हणून मीटिंगमध्ये वाद घालू नका. 'माझी भिंत सामाईक आहे, रोजचा संबंध माझा येणार, म्हणून मी माझं वेगळं लिहून दिलंय' एवढं बोला आणि प्रत पुढे सरकवा. कोणी 'तुमचा पाठिंबा आहे का मग?' म्हणून टोकलं, तर 'पाठिंबा नाही, शेजार आहे' म्हणा आणि खाली बसा. ३२ पैकी पाच-सहा जणांना तुमचाच कागद बरा वाटेल, पण ते बोलणार नाहीत, नंतर दुकानात येऊन सांगतील. त्यांनाही सही करायला लावा, चहा दिल्यावर.

तुम्ही त्या दुकानात कधी जावं असं मी म्हणत नाही. जायचं नसेल तर आयुष्यभर जाऊ नका. घड्याळवाल्या काकांकडे तरी किती वेळा गेला होता?

आणि तो डबा. महिना झाला, अजून तुमच्याकडेच आहे ना? मीटिंग गुरुवारी आहे, तर बुधवारी दुपारी, दुकानं जरा निवांत असतात तेव्हा, तो परत करून या. कागद तेव्हाच तिच्या हातात द्या, आधी तिने वाचू दे आणि मग संघटनेने. डबा रिकामा देऊ नका. दिवाळीचं काही उरलं नसेल तर साध्या शंकरपाळ्या चालतील.